कुणाची भुवई

शब्द हरवला होता. चांगला आख्खा शब्द, आणि तोही आज, कोशाच्या शेवटच्या दिवशी. मुद्रितशोधकानं तो पकडला. हा मुद्रितशोधक म्हणजे गेली सहा वर्षं 'उद्यापासून काही यायचा नाही मी' असं म्हणत रोज वेळेवर येणारा एक वाळका म्हातारा. 'ब्राउ' आणि 'ब्राउन' या दोन शब्दांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर त्यानं बोट ठेवलं, आणि बोट हललं तर जागा पुन्हा सापडायची नाही या धास्तीनं ते तसंच दाबून धरत, छापील पान ताटासारखं आडवं घेऊन तो संपादकाच्या टेबलापर्यंत चालत आला. इथं 'ब्राउबीट' पाहिजे होता, तो नाहीये, असं म्हणाला. संपादकानं आधी बोटाकडे पाहिलं, मग बोटाच्या मालकाकडे. चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि भुवया वर नेल्या. म्हाताऱ्यानं झटकन बोट मागे घेतलं, आणि दिसलं ते सांगितलं, माझं काय जातंय, असं पुटपुटत तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

आता या भुवयांचं सांगायलाच हवं. डोक्यावरचे केस कधीच राम म्हणून गेले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण भुवया मात्र साठीतही काळ्याभोर, दाट आणि नाकाच्या वर एकमेकींना भिडलेल्या. हाताखालची माणसं त्याला पाठीमागे भुवईसाहेब म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं. आयुष्यात आपण कुणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, याचा त्याला कोण अभिमान. शेजारचा माणूस पोरांवर खेकसायला लागला की हा खिडकी लावून घ्यायचा आणि बायकोला म्हणायचा, काय ही माणसं, तोंडाला काही हाड? बायको मान हलवायची. ती फार वर्षं नुसती मान हलवत आली होती. पहिल्या घासाला त्याची भुवई जरा हलली की मिठाचं भांडं न मागता पुढ्यात यायचं, दुसऱ्यांदा हलली की पंखा कमी व्हायचा. केवढं जुळलंय आमचं, असं त्याला वाटायचं. मुलगा नोकरीसाठी दुसरीकडे राहायला गेला होता. तो फोन आईला करायचा, आणि ती बाबांना देऊ का म्हणाली की असू दे, असू दे, कामात असतील, म्हणून ठेवून द्यायचा. पोरगं समजूतदार निघालं, असंही त्याला वाटायचं.

तर शब्द हरवला होता, आणि संध्याकाळी पाचला छापखान्याचा माणूस उरलेली पानं न्यायला येणार होता. चौदा वर्षं चाललेला कोश, इंग्रजीतून आपल्या भाषेत, एकेक शब्द एकेका कार्डावर. त्या कार्डांची लाकडी कपाटं तीन भिंतींना लागलेली, चौथ्या भिंतीला एकच खिडकी. पानं सगळी गेली होती. राहिली होती ही तपासणीची, आणि नावांचं पान. नावांचं पान त्याच्या खणात होतं. त्यावर दोन नावं होती: वर मोठ्या टायपात त्याचं, खाली उपसंपादक बाईंचं. 'बी' हे सगळं अक्षर बाईंकडे होतं. आणि कोशमंडळाचा ठराव असा होता की ज्याच्या हातून शब्द गळेल त्याचं नाव पानावर येणार नाही. ठराव आठ वर्षांपूर्वीचा, मसुदा यानंच केलेला, तेव्हा डोळ्यांसमोर दुसराच कुणी होता. तो नंतर आपणहून सोडून गेला. ठराव तसाच राहिला आणि आज असा आयता कामाला आला. संपादकानं नावांचं पान खणातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर लाल पेन ठेवलं, बाईंना त्यांच्या खुर्चीवरून दिसेल असं.

बाईंनी काय घोडं मारलं होतं त्याचं? काही नाही. तेच तर. अकरा वर्षं ही बाई त्याच्यासमोरच्या टेबलावर बसत होती आणि अकरा वर्षांत तिनं एकदाही तोंड वर करून वाद घातला नव्हता. कार्ड परत केलं की घेऊन जायची, बदलून आणायची. बदललेलं आधीपेक्षा चांगलं असायचं, हे तर आणखीच झोंबायचं. भांडली असती, रडली असती, तर त्यानं तिला माणसात तरी धरलं असतं. ही मूग गिळून बसायची, आणि त्या गप्पपणात आपल्याला काडीची किंमत नाही असं त्याला वाटत राहायचं. त्याची शिस्त म्हणजे शिस्त. कार्ड परत करताना कारण सांगायचं नाही, कोपऱ्यात लाल रेघ आणि तारीख, बस्स. ज्याचं त्यानं शोधावं काय चुकलं ते. परत गेलेलं कार्ड फाडून टाकायचं, दोन-दोन प्रती कपाटात नकोत. आणि प्रत्येक शब्दाखाली एक उपयोगाचं वाक्य पाहिजे, ते पुस्तकातलं उचललेलं चालणार नाही, कानांनी ऐकलेलं किंवा जगलेलं पाहिजे. हा शेवटचा नियम त्याचा लाडका. पाहुणे आले की तो सांगायचा, आमच्या कोशात एक वाक्य मेलेलं सापडलं तर मला दाखवा.

म्हाताऱ्याचं बोलणं खोलीभर ऐकू गेलं होतं. संपादकानं बाईंकडे फक्त पाहिलं. तिनं पाहिलं की तो पाहतोय. ती उठली, 'बी'चं कपाट उघडलं, बाराव्या खणातली कार्डं एकामागून एक पुढे ढकलायला लागली. बोटांच्या टोकांनी, भराभर, खसखस आवाज होत होता. शोध, शोध, म्हणाला तो मनात. शोधून सापडणार नाही. कार्ड नसेल तर लिहिलंच नसेल. आणि मग, वेळ होता म्हणून, सवयीनं, त्यानं त्या शब्दाकडे पाहिलं. ब्राउबीट. चारेकशे वर्षांचा जुना शब्द. धाक घालणे, दडपणे, दरडावून गप्प बसवणे. पण फोडला तर काय होतं? ब्राउ म्हणजे भुवई, बीट म्हणजे मारणे. भुवईनं मारणे. त्याचा हात आपसूक कपाळाकडे गेला, अर्ध्यात थांबला, मग त्यानं त्याच हातानं डोकं खाजवल्यासारखं केलं. आपल्याकडे डोळे वटारणे म्हणतात, त्यात डोळे कुणाचे ही शंका नाही. या शब्दात मात्र गोची होती. भुवई कुणाची, मारणाऱ्याची की मार खाणाऱ्याची? भुवईनं मारायचं की भुवईवर? थोरल्या कोशांनाही छातीठोक सांगता आलेलं नव्हतं, बहुतेक मारणाऱ्याचीच असावी असं म्हणून ते पुढे सरकले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि लाल पेनाची सावली बरोबर बाईंच्या नावावर पडली होती. त्याला एकदम तोंडात धातूची चव आली.

ही चव जुनी होती. लहानपणी घरी वडिलांच्या, आप्पांच्या शिलाईच्या दुकानात, म्हणजे पुढच्या खोलीत, त्यानं एकदा टाचण्या तोंडात धरून पाहिल्या होत्या, आप्पा धरायचे तशा. आप्पांच्या ओठांत दिवसभर टाचण्यांची रांग असायची, डोकी बाहेर, टोकं आत. गिऱ्हाईक उभं, आप्पा गुडघ्यावर बसलेले, एकेक टाचणी ओठांतून काढून कापडात खोचायचे. त्यामुळे आप्पा बोलायचे नाहीत. बोलायच्या त्या भुवया. डावी वर गेली तर खडू, उजवी गेली तर कात्री, दोन्ही गेल्या तर चुकलं. काय चुकलं ते आपण शोधायचं. आक्का, त्याची थोरली बहीण, झटकन ओळखायची आणि हसायची. याला ओळखता यायचं नाही. दोन्ही भुवया वर गेल्या की हा हातातलं खाली ठेवून दाराकडे सरकायचा. एकदा कुणाच्यातरी कोटाचं अस्तर यानं कापलं, तिरकं कापलं, बोटही कापून घेतलं. आप्पांनी मान वर केली. त्या भुवया वर गेल्या, इतक्या वर की कपाळ उरलंच नाही. मग आप्पांनी ओठांतली एक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. पोटऱ्यांना वळ उठेपर्यंत मारणारे बाप गल्लीत होते, याच्या बापानं याला एकदाही चापट मारली नाही, पण ती तिसरी टाचणी उशीत शिरताना पाहिली आणि हा मागच्या दारानं पळाला, तो दिवे लागले तरी पाण्याच्या टाकीमागे बसून राहिला. टाचण्या संपल्यावर काय होणार होतं, हे त्याला कधीच कळलं नाही. पुढे मोठा झाला, शिकला, खुर्चीत बसला, आणि बघता बघता त्याच्याही भुवया तशाच झाल्या. रक्ताचा गुण, दुसरं काय. त्यानं त्याचा वापर केला. भ्यायलो तेवढं भ्यायलो, आता दुसऱ्यांची पाळी, असं त्यानं कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. आज म्हटलं आणि त्याला त्यात वावगंही वाटलं नाही.

चार वाजता बाईंनी कपाट लावलं. सापडलं नव्हतंच. त्यानं लाल पेन उचललं. टोपण काढलं, मुद्दाम सावकाश. तेवढ्यात ती आपल्या टेबलाशी वाकली, खालचा खण ओढला, डब्याच्या पिशवीखालून एक जाड पाकीट काढलं आणि त्यातून एक कार्ड. ते घेऊन ती आली. कार्ड पिवळं पडलं होतं, कोपरे मऊ झाले होते. तिनं ते नावांच्या पानावर ठेवलं, पेनाच्या टोकाखाली. वरच्या कोपऱ्यात त्याची लाल रेघ होती, आणि तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. अक्षर तिचं, पण तरुण, जरा गोल. ब्राउबीट. अर्थ तीन, तिन्ही चोख. खाली वाक्य: 'त्याने नुसते पाहिले आणि आपले काहीतरी चुकले असे तिला वाटले, काय चुकले ते तिला अजून कळलेले नाही.' त्याखाली मूळ: ब्राउ म्हणजे भुवई किंवा कपाळ, बीट म्हणजे मारणे, भुवई मारणाऱ्याची की मार खाणाऱ्याची, याची खात्री नाही.

त्यानं दोनदा वाचलं. पहिल्यांदा चूक शोधत, दुसऱ्यांदा चूक सापडत नाही म्हणून. बाई उभीच होती.

"सर," ती म्हणाली, "यात काय चुकलं होतं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न या खोलीत कुणी विचारला नव्हता. म्हाताऱ्याचं पेन थांबलं. बाई पुढे बोलायला लागली, हलक्या आवाजात, हिशोब मांडल्यासारखी नव्हे, उलट आपलंच काही राहून गेलं असावं अशा सुरात. ती रुजू झाली त्या आठवड्यातली ही पहिली पाच कार्डं. पाचही परत आली होती. चारांत तिनं स्वल्पविराम हलवले, एकदोन शब्द बदलले, आणि ती पास झाली. या पाचव्यात तिला काही केल्या चूक दिसेना. चुकीचं नसलेलं बदलायचं तिच्या जिवावर आलं. म्हटलं, कळेल तेव्हा देऊ. रोज घरी जायच्या आधी वाचायची म्हणे. नियम होता फाडायचा, तो तिनं मोडला. मग 'बी' संपला, 'सी' आला, विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता 'झेड'सुद्धा झाला.

संपादकाला सगळं आठवलं. त्याला आठवायला फार खोल जावंच लागलं नाही. नवा माणूस आला की त्याची पहिली पाच कार्डं न वाचता परत करायची, ही त्याची खास युक्ती होती. घोड्याला आधी लगाम दाखवायचा, मग खरारा करायचा, असं तो मंडळाच्या अध्यक्षांना सांगायचा आणि दोघं हसायचे. वाचलंच नव्हतं त्यानं हे कार्ड. शब्द बाईंनी हरवला नव्हता, यानंच तो तिच्या पहिल्या आठवड्यात कोशाबाहेर हाकलला होता, आणि भोक तसंच चौदाव्या वर्षापर्यंत आलं होतं. ठरावाप्रमाणे जायचं तर पानावरून आता त्याचंच नाव जात होतं. आधी त्याला राग आला, तिचाच. ठेवलं कशाला हिनं जपून? अकरा वर्षं डब्याखाली पुरावा सांभाळत बसली, साप आहे साप. मग त्या मऊ पडलेल्या कोपऱ्यांकडे त्याचं लक्ष गेलं. पुरावा माणूस असा हाताळत नाही. पुरावा कोरा करकरीत ठेवतात. हे कार्ड कुणीतरी रोज हातात घेऊन, आपण कुठे कमी पडलो ते शोधलं होतं. आणि उत्तर काय, तर कुठेही नाही.

आता बोलायला हवं होतं. सोपं वाक्य होतं, काही चुकलं नव्हतं. बाई, काही चुकलं नव्हतं, मी वाचलंच नव्हतं. त्यानं तोंड उघडायला घेतलं आणि ओठ उघडेनात. आत काहीतरी रांगेनं टोचत होतं. त्यानं एक शब्द पुढे आणला, तो घशात फिरवला. मग दुसरा. आणि तेवढ्यात त्याला आक्काचं बोलणं आठवलं. आप्पा गेल्यावर चौथ्या दिवशी ती त्यांची टाचण्यांची उशी मांडीवर घेऊन बसली होती आणि हसत हसत डोळे पुसत म्हणाली होती, तू भित्रा रे अगदी. आप्पा टाचण्या काढायला लागले की पळायचास. अरे, त्या काढल्याशिवाय बोलणार कसे ते? कोटाचं अस्तर कापलंस त्या दिवशी किती वेळ तुला हाका मारत होते, बोट किती कापलंय ते बघू म्हणून. तेव्हा त्यानं तिला म्हटलं होतं, तुला काय आठवतंय, तू लहान होतीस. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी होती. दोन्ही भुवया वर म्हणजे चुकलं, हे त्याला सांगितलं कुणी होतं? आप्पांनी नाही. त्यानंच ठरवलं होतं. त्या पाण्याच्या टाकीमागून आपण आजवर उठलोच नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यानं सगळा जीव एकवटून बाईंकडे मान वर केली. सांगायला. पण साठ वर्षांचं कपाळ त्याचं ऐकतंय होय? मान वर झाली तशा भुवया वर गेल्या. दोन्ही. पार वर.

बाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं मिटलं. तिनं कार्ड उचललं.

"पुन्हा लिहून आणते, सर," असं म्हणाली आणि वळली. तो 'बा' म्हणेपर्यंत ती आपल्या टेबलाशी पोचली होती. तिची पाठ त्याला दिसत होती. ती पाठ त्यानं ओळखली. मागच्या दारानं जाणारी पाठ अशीच असणार, आप्पांना दिसली असेल तशी, हातात शेवटची टाचणी असताना. उठून जावं तिच्याकडे, एवढंच तर करायचं. चार पावलं. पण तो कुणाच्या टेबलाशी कधी गेला नव्हता, माणसं याच्याकडे यायची, आणि उठला तर ती आणखी घाबरेल असं कारण त्याला लगेच सापडलं. अशी कारणं त्याला नेहमीच लगेच सापडायची. तो बसून राहिला. पाऊण तास तिचं पेन चालत होतं. मुद्रितशोधक एकदाच खोकला, तोही रुमालात.

पाचला पाच कमी असताना तिनं नवं कार्ड आणून ठेवलं. पांढरंशुभ्र, सुबक अक्षर. अर्थ तीन. वाक्य: 'मोठ्या माणसाने लहान मुलाला धाक दाखवला.' मूळ: भुवई अधिक मारणे. भुवई कुणाची ही ओळ नव्हती. चौदा वर्षांत त्याच्या कोशात शिरलेलं पहिलं मेलेलं वाक्य, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत मेलं होतं.

"जुनं कुठे आहे?" त्यानं विचारलं. आवाज निघाला हेच नवल.

"फाडलं, सर. नियम आहे ना."

टोपलीत पिवळे कपटे होते. छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला, घाम पुसत, साहेब, देताय ना, खाली टेंपो उभाय, म्हणत. संपादकानं नव्या कार्डावर सही केली. दुसरा इलाजच नव्हता, जुनं वाक्य त्याला तोंडपाठ होतं पण ते लिहायचा हक्क त्याचा नव्हता, ते त्यानं ऐकलेलं नव्हतं, जगलेलं तर नव्हतंच. निदान टेबलाच्या या बाजूनं नव्हतं. मग त्यानं नावांचं पान पुढे ओढलं, लाल पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावर रेघ मारली. सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. छापखान्याच्या माणसानं पान उलटंसुलटं करून पाहिलं, एकच नाव का, असं विचारलं, याच्याकडे नजर गेल्यावर नाही, नाही, बरोबर असेल म्हणाला, आणि जिना उतरून गेला. बाईंनी यातलं काही पाहिलं नाही. ती पाठमोरी, डब्याची पिशवी भरत होती. मुद्रितशोधकानं पाहिलं, पण तो उद्यापासून खरोखरच येणार नव्हता आणि त्याला काही घेणंदेणं नव्हतं. तो छत्री घेऊन निघून गेला.

खोलीत दोघंच राहिली. संपादकानं दोन्ही हातांच्या बोटांनी आपल्या भुवया कपाळावरून खाली ओढल्या आणि तशाच दाबून धरल्या. बोटांखाली त्या धडधडत होत्या. आता बोलता येईल असं त्याला वाटलं. ओठ मोकळे होते. सगळं सांगायचं, पाच कार्डांची युक्ती, अस्तर, टाकी, सगळं. रेघ मारली तेही सांगायचं, नाही, ते नको, ते तिला दिसेल तेव्हा दिसेल. आधी फक्त एवढंच, की काही चुकलं नव्हतं. ती दारापर्यंत गेली होती.

"बाई," तो म्हणाला, "बसा जरा."

ती थांबली. परत आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पिशवी पायाशी ठेवली, पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं, गुडघ्यावर धरलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"सांगा, सर," ती म्हणाली. "आता काय चुकलं?"